कणकण, कसकस, फणफण

ताप तीन प्रकारचा असतो: कणकण, कसकस आणि फणफण. कणकण असली तरी बाई रोवण्याला जाते. कसकस असली की अंगणातल्या खाटेवर पडते आणि पडल्यापडल्या सुनेला कामं सांगते. फणफणली की तिला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात आणतात. चौथा प्रकार हुडहुडीचा, तो आमच्या गडचिरोलीचा खास. आधी दात वाजतात, तीन गोधड्यांखाली माणूस उडतो, मग ताप चढतो, मग घामानं अंथरूण भिजतं आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस काही झालंच नाही अशा थाटात मोह वेचायला निघतो. हुडहुडी हा शब्द कानावर पडला की मी पुढचं विचारत बसत नसे. बोट पुसायचं, सुई टोचायची, मलेरिया तपासायला काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा.

मी 33 वर्षं ए.एन.एम., म्हणजे सरकारी दवाखान्याची नर्स, होते. माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातलं, नोकरी सगळी गडचिरोली जिल्ह्यात. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला, त्यानंतर चार वर्षांनी मी रुजू झाले. आरमोरी, एटापल्ली, मुलचेरा आणि शेवटी सिरोंचा. किती केसपेपर लिहिले याचा हिशेब नाही. पण खिडकीपलीकडून रुग्ण जे सांगायचा आणि कागदावर जे उतरायचं, त्यात निम्मं सांडून जायचं, हे सांगायला हिशेब लागत नाही. सांडायचे ते नेमके हेच शब्द: ठणकणारे, चरचरणारे, भणभणणारे. कागदावर उरायचा एक इंग्रजी शब्द, पेन. त्यापुढे अवयवाचं नाव. झालं.

आता बघा. ठणकतं ते हाड किंवा दात. ठसठसतं ते पिकत आलेलं गळू. चमक भरते ती कमरेत. चरचरतं ते भाजलेलं, नाहीतर लघवीच्या वेळेला. हुळहुळतं ते सोललेलं कातडं, वाराही सहन होत नाही असं. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, पायाला झिणझिण्या येतात, डोकं भणभणतं तेव्हा आतून आणि गरगरतं तेव्हा घर फिरतं. पोटात मळमळतं, डचमळतं आणि गुडगुडतं, ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळे. छाती धडधडते, छातीत घरघर होते, छातीत धस्स होतं. पहिलीला तपासायचं, दुसरीला लगेच तपासायचं, तिसरीला पाणी देऊन शेजारी बसायचं. हे मला कोणी प्रशिक्षणात शिकवलं नाही. घरातून आलं.

आरमोरीकडची एक मुलगी आठवते. सतरा-अठराची असेल. दर हिवाळ्यात यायची आणि म्हणायची, "हाडं ठणकून राहिलीत सिस्टर, आतून." केसपेपरवर अंगदुखी. पांढऱ्या गोळ्या आणि एक लाल गोळी. दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या वेळी नवीन डॉक्टर आले होते, वऱ्हाडातले. त्यांनी केसपेपर बाजूला ठेवून तिला विचारलं, "दुखतं का ठणकतं?" ती म्हणाली ठणकतं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. सिकलसेल निघाला. हा आजार आमच्याकडे किती घरांत आहे हे कोणत्याही नर्सला माहीत असतं, मलाही होतं, आणि तरी मी दोन हिवाळे तिच्या कागदावर अंगदुखीच लिहीत राहिले होते. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण चूक तिथली नाही. चूक रकान्याची आहे, आणि थोडी माझी.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. पण गेल्या वर्षी भावाच्या मुलीचा फोन आला. पोरगी नर्सिंग झालेली, सध्या पुण्यात जपानी शिकते आहे. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी 2021 मध्ये करार झाला, त्यातून तिकडच्या वृद्धाश्रमांत परिचारक म्हणून जाता येतं. तिला तिथं जायचं आहे. रात्री दहाला फोन. "आत्या, झुकिझुकि म्हणजे काय असेल, ओळख."

मी म्हटलं, वाकलेलं काहीतरी असेल.

"ठणका! दाताचा, नाहीतर डोक्याचा."

मग तिनं यादीच वाचून दाखवली. चिकुचिकु म्हणजे सुया टोचल्यासारखं. गानगान म्हणजे डोक्यात कोणी घण घालतंय तसं. हिरिहिरि म्हणजे सोललेल्या जागेची चुरचुर. पिरिपिरि म्हणजे झणझण, आणि मिरचीच्या तिखटालाही तोच शब्द. शिकुशिकु म्हणजे पोटात बारीक बारीक दुखत राहणं. किरिकिरि म्हणजे त्याच पोटात सुरी फिरवल्यासारखी कळ. जपानी म्हातारा डॉक्टरला असंच सांगतो आणि डॉक्टर हे ऐकून पोटातल्या दुखण्याचा अंदाज बांधतो. म्हणून वृद्धांची सेवा करायला येणाऱ्या परदेशी मुलींना हे शब्द पाठ करावे लागतात. 2008 पासून इंडोनेशियातून, मग फिलिपिन्स आणि व्हिएतनाममधून परिचारिका तिकडे गेल्या, त्यांना औषधांची नावं सोपी गेली असतील. अडकायला होतं ते झुकिझुकिशी. शब्दकोशात अर्थ सापडतो, पण अंगात उतरत नाही.

आमची पोरगी मात्र वर्गात पुढे आहे. तिला विचारलं कसं काय, तर म्हणाली, "आत्या, बाकीच्या मुली त्याचं इंग्रजी करतात. मी आपल्या झाडीबोलीत करते."

जपानी लोकांनी या शब्दांचे दोन मोठे गट केले आहेत. खरोखरचा आवाज दाखवणारे ते गिओंगो, आणि आवाज नसलेली स्थिती आवाजानं दाखवणारे ते गितायगो. तारा चमकतो तो किराकिरा. ताऱ्याला काही आवाज नसतो. छातीत धडधड ती दोकिदोकि. पाऊस धो धो पडला तर झाआझाआ, रिपरिप पडला तर शितोशितो. 2007 मध्ये निघालेल्या एका कोशात असे साडेचार हजार शब्द आहेत. आणि मला सगळ्यांत आवडलेला शब्द म्हणजे शीऽन. कोणीच काही बोलत नाही, सगळं चिडीचूप आहे, त्या शांततेचा तो आवाज. चित्रकथांच्या पानावर रिकाम्या खोलीच्या चित्रात मोठ्या अक्षरात लिहितात.

भाचीला वाटलं होतं मी थक्क होईन. मी म्हटलं, अगं, आपला शुकशुकाट काय आहे? शुक शुक हा कोणाला तरी हळूच बोलावण्याचा आवाज. गल्लीत शुक शुक केलं तरी ऐकू जावं इतकी शांतता, तो शुकशुकाट. निदान मला तरी तो शब्द असाच कळला आहे. आणि गितायगो म्हणशील तर मराठी त्यानं भरून वाहते. लखलख, झगमग, चकचक यांना कुठला आवाज? टवटवीत पानाला, लुसलुशीत गवताला, भुसभुशीत मातीला, बुळबुळीत दगडाला कुठला आवाज? कानानं ऐकायच्या गोष्टीतून आपण डोळ्याच्या, बोटाच्या आणि जिभेच्या गोष्टी तयार केल्या. झणझणीत रश्श्याचा झण् कानाला कधीच येत नाही, नाकाला मात्र बरोबर कळतो. बाळंतीण पांढरीफटक दिसली की मला रक्ताचं प्रमाण बघायच्या आधी अंदाज यायचा. नुसती पांढरी वेगळी, पांढरीफटक वेगळी.

या शब्दांना कायदा नाही असं समजू नका. जपानीत छोटा खडा घरंगळला तर कोरोकोरो, मोठा धोंडा घरंगळला किंवा आभाळ गरजलं तर गोरोगोरो. क चा ग झाला की वस्तू जड होते. आपल्याकडे काय वेगळं आहे? खडखड खिडकीची, गडगड आभाळाची. टपटप थेंबांची, धबधब पाण्याच्या लोटाची. किणकिण लहान घंटेची, खणखण रुपयाची, घणघण देवळातल्या घंटेची. टपकन म्हटलं तर एकदाच पडलं, टपटप म्हटलं तर पडतच राहिलं. जपानीतही एक थेंब पडला तर पोतारि आणि पडत राहिला तर पोतापोता. कोण कोणाकडून शिकलं? कोणीच नाही. दोघांना कान आहेत एवढंच.

मराठीनं त्यावर आणखी एक कारखाना टाकला. खणखण घ्या. खणखणणं हे क्रियापद, खणखणाट हे नाम, खणखणीत हे विशेषण, खणकन हे एकदाचं. एका आवाजातून अख्खं कुटुंब. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची, साठेक हजार शब्दांची. त्यात अशा शब्दांना नकलेतून झालेले म्हणून वेगळी खूण आहे आणि इंग्रज माणसानं त्यांचे अर्थ समजावताना ओळीच्या ओळी खर्च केल्या आहेत. परक्याला त्यांची किंमत कळली. आपल्या शाळेच्या व्याकरणात मात्र हे शब्द अभ्यस्त शब्दांच्या प्रकरणात शेवटी येतात: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि उरलेले अनुकरणवाचक. दोन गुणांना विचारतात. उदाहरणं कुठली, तर बडबड, किरकिर, रिमझिम. पाठ करा आणि पुढे चला.

शाळेचं नाव निघालं म्हणून सांगते. आमच्या झाडीबोलीत ळ नाही. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, केळ्याला केरा. सहावीत मी निबंधात लिहिलं, नदी खरखर वाहते. गुरुजींनी वही वर धरली आणि वर्गाला विचारलं, "नदीला खोकला झाला काय रे?" वर्ग हसला. मीही हसले, दुसरं काय करणार. मग त्यांनी खळखळ लिहून दिलं आणि मी ते दहा वेळा लिहिलं. पण माझ्या कानातली वैनगंगा आजही खरखरच वाहते, आणि उन्हाळ्यात वाळूवरून पातळ पाणी जातं तेव्हा ती खरंच खरखरते, ऐकून या. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना प्रमाण मराठीची काळजी होती. पण त्या दिवसापासून मी निबंधात आवाज लिहायचे बंद केले. नदी वाहते, पाऊस पडतो, पक्षी ओरडतात. गुण चांगले मिळाले.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी पुढे एवढं काम उभं केलं, शब्द गोळा केले, माणसं लिहिती केली, ते माझ्या शाळेच्या दिवसांत असतं तर मला बरं झालं असतं. आणि जपानमध्ये मुत्सुमि इमाई या बाईंनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. चालण्याच्या ढबीला शोभेल असा आवाज ज्या शब्दात होता, तो मुलांनी नीट उचलला. जपानी न येणाऱ्या इंग्रज मुलांनाही त्या आवाजांची मदत झाली, हे पुढे 2011 मध्ये दिसलं. ज्या शब्दांना आपण बाळबोध म्हणून वहीतून काढतो, ते बाळाला भाषेत आणणारे शब्द आहेत. अंगणवाडीच्या बाईला हे अभ्यासाशिवाय माहीत असतं. ती "हळू चाल" म्हणत नाही, "दुडुदुडु ये" म्हणते.

जंगलात तर या शब्दांवर जीव अवलंबून असतो. एटापल्लीला असताना लसीकरणाला पायी जायचो. लसीचा डबा खांद्याला, पुढे गावची एक म्हातारी, मागे मी. मार्च महिना, सागाची पानं वाळून पडलेली, पायाखाली चर्रचर्र. एका वळणावर म्हातारी थांबली आणि हातानं मलाही थांबवलं. डावीकडे झुडपात काहीतरी हललं होतं. दोन मिनिटं गेली. मग ती चालायला लागली. पुढे गेल्यावर तिनं मोडक्या मराठीत समजावलं: खसखस खसखस झालं तर कोंबडी, मुंगूस, सरडा, आपल्याला काय. एकदाच खस्स झालं आणि थांबलं, तर थांबायचं. जो थांबतो तो आपल्याला बघतो आहे. टपकन आणि टपटपचा जो फरक मी वर व्याकरणात सांगितला, तो तिला शाळेत कोणी शिकवला नव्हता.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत बाया पहाटे रानात जातात. मोह पहाटे टपटप गळतो, तो जनावरं खाण्याआधी वेचायचा असतो. त्याच वेळी वाघही हिंडत असतो. या बायांच्या कानात भेकराचं भुंकणं, वानराचं खेकसणं, चितळाची शिटी यांचे वेगळे शब्द असतात. ताडोब्यात हल्ली जिप्सीतून फिरवणारी आमचीच पोरं या सगळ्याला एकच शब्द वापरतात: कॉल. "कॉल आला मॅडम." कोणाचा आला? तर वानराचा कॉल, सांबराचा कॉल. पर्यटकाला सोपं जातं हे खरं. पण त्याच पोराची आई हे आवाज तोंडानं काढून दाखवते आणि प्रत्येकाला नाव देते, ती नावं पोराच्या वहीत नाहीत. मारुती चितमपल्लींनी नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात राहून वनमजुरांच्या, ढिवरांच्या तोंडचे शब्द मराठीत आणले. 18 जून 2025 ला ते गेले. त्यांच्यामागे ती वही कोण लिहितंय?

2021 मध्ये छत्तीसगडच्या बाजूनं रानटी हत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या न ऐकलेला आवाज. माझ्या एका जुन्या आशा कार्यकर्तीनं फोनवर सांगितलं, "बाई, रात्री बांबू मोडल्याचा आवाज येते, कडकड नाही जी, कडाऽड कडाऽड, आणि मधे एकदम काही नाही." एका आठवड्यात त्या गावानं हत्तीसाठी आवाज घडवला होता. पंचनाम्यात लिहिलं गेलं असेल: रात्री मोठा आवाज झाला.

आता सीमेवरच्या भाषा. सिरोंच्यात तेलुगू चालते. तिथं पहिल्याच आठवड्यात एक बाई आली आणि अंग आवळून म्हणाली, गजगज. मला तेलुगू येत नव्हती. पण तिनं तो शब्द म्हणताना जबडा जसा हलवला त्यावरून मी काचपट्टी काढली. तेलुगूत थंडीनं कापणं गजगज असतं. आमची हुडहुडी. त्यांची गलगल म्हणजे आपल्या खळखळीच्या आणि खुळखुळ्याच्या मधली, त्यांची किलकिल आपल्या किलबिलीची बहीण.

मुलचेऱ्यात मात्र मी फसले. तिथं आणि चामोर्शी तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं वसवलेली आहेत. एक म्हातारे गृहस्थ गालाला हात लावून म्हणाले, कनकन. मी म्हटलं, ताप आहे तर, थर्मामीटर लावला. ताप नव्हता. पुन्हा कनकन. पुन्हा थर्मामीटर. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडून दाढच दाखवली. बंगालीत दात ठणकतो तो कनकन करतो, आणि हाडं गोठवणारी थंडीही कनकनेच. आमची कणकण बिचारी अर्ध्या डिग्रीची. मग त्यांच्या नातवानं मला आणखी शब्द शिकवले, आणि हेही सांगितलं की रवींद्रनाथांनी या शब्दांवर लेख लिहिला आहे. नंतर खात्री केली, खरं आहे. 'शब्दतत्त्व' या 1909 च्या पुस्तकात ध्वन्यात्मक शब्दांवर त्यांचा लेख आहे. नोबेल मिळायच्या कितीतरी आधी हा माणूस कनकन आणि टनटन यांचा विचार करत बसला होता.

या शब्दांवर लिहिणारे आणखी एक, मरे एमेनो नावाचे अमेरिकेत शिकवणारे भाषापंडित होते. वर्ध्याकडच्या कोलामांची भाषा त्यांनी टिपून घेतली, तिच्यावर त्यांचं पुस्तक 1955 मध्ये निघालं. पुढे 1969 मध्ये त्यांनी भारतातल्या अशा ध्वनिशब्दांवर एक मोठा लेख लिहिला. हे जोडशब्द मराठी-हिंदीसारख्या भाषांत आणि गोंडी-तेलुगूसारख्या द्राविड भाषांत इतके एकसारखे आहेत की हा एका कुळाचा वारसा मानता येत नाही, सगळ्या भूमीची ही सामाईक मिळकत आहे, असं त्यांनी शब्दाला शब्द लावून दाखवलं. म्हणजे माडिया, गोंड, कोलाम, तेलंगी, बंगाली आणि आम्ही झाडीवाले दवाखान्याच्या एका बाकावर बसलो की आमच्यात सगळ्यांत जास्त सारखं काय असेल, तर हे. आणि खिडकीवर तेच टाकून देतात.

माडिया मला शेवटपर्यंत धड बोलता आली नाही, ही माझी लाज आहे. पण माडिया आया हुशार. मूल सोबत नसलं तरी त्याचा खोकला त्या हुबेहूब खोकून दाखवत. खोकून खोकून शेवटी श्वास आत ओढताना येतो तो लांब हूऽप एका बाईनं काढून दाखवला आणि मी त्या दिवशीच डांग्या खोकल्यासाठी त्या पाड्यावर गेले. दुभाषा लागला नाही.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, आणि एका डॉक्टरांनी मला तोंडावर म्हटलंही, "सिस्टर, शब्दांवर औषध देता येत नाही, मोजावं लागतं." बरोबर आहे. कनकनवर मी स्वतः आपटले आहे. एका गावची कसकस दुसऱ्या गावची कणकण असू शकते. थर्मामीटर हवाच, काचपट्टी हवीच. शोधग्रामच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी न्यूमोनियासाठी बाळाचे श्वास मोजायला मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन गावच्या हातात दिलं, ते मोजण्यासाठीच. पण कोणाचे मोजायचे, कधी मोजायचे, हे आधी कोणीतरी सांगावं लागतं. ते आई सांगते, आणि ती आकड्यात सांगत नाही. शब्द हा निदानाचा शेवट नसेल, पण सुरुवात तोच आहे. रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत टिपा, असं वैद्यकाच्या पुस्तकांतही असतं. पुस्तकात आहे ते खिडकीवर का नाही?

उलट आता परिस्थिती बिघडली आहे. केसपेपरवर निदान कोपऱ्यात जागा असायची, मी बारीक अक्षरात लिहायचे: हुडहुडी, एक दिवसाआड. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत टॅब आला. त्यात यादी असते: ताप, खोकला, अंगदुखी, इतर. बोट लावायचं. ठणकतं तेही अंगदुखी, ठसठसतं तेही अंगदुखी, झिणझिण्या इतर. माझ्यामागून आलेल्या मुली भराभर बोटं लावतात, त्यांचा दोष नाही, त्यांना रोज आकडे भरून पाठवायचे असतात. पण दहा वर्षांनी त्या मुलींना ठणका आणि ठसठस यातला फरक उरणार नाही, आणि मग रुग्णही तो सांगायचं सोडून देईल. सहावीत मी सोडलं तसं.

चंद्रपूरला 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीलाही आता सुरू झालं आहे. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेची ओळख करून द्यायची तरतूद आहे. त्या तासांना "तुमचं नाव काय, गाव कोणतं" एवढंच शिकवू नका. माझं दोन्ही महाविद्यालयांना मागणं आहे: दुखण्याच्या आणि तापाच्या ध्वनिशब्दांची एक चाळीस पानांची पुस्तिका करा. झाडी, गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगू, बंगाली, सगळ्या शेजारी शेजारी. शब्द गोळा करायला प्राध्यापक लागत नाहीत. निवृत्त नर्स, आशा आणि दाया एका खोलीत बसवा, चहा द्या, दोन दिवसांत होईल. मी येते. आणि टॅब बनवणाऱ्यांना सांगा, त्या यादीखाली एक मोकळी ओळ ठेवा: रुग्णाच्या शब्दांत.

भाचीची परीक्षा जुलैत आहे. तिनं वहीत डावीकडे जपानी आणि उजवीकडे झाडी अशी यादी केली आहे. इंग्रजीचा रकाना तिनं आखलाच नाही. तोवर वाचकांना एवढंच सांगते. उद्या दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहाल आणि आतून "काय होतं?" असं विचारतील, तेव्हा शहाण्यासारखं "पेन आहे" म्हणू नका. ठणकतं तर ठणकतं म्हणा, ठसठसतं तर ठसठसतं म्हणा. आणि त्यांनी लिहिलं का, ते वाकून बघा.